ज्याला मत नाही त्याची तक्रार



८ मार्च १९९९ रोजी कतारमध्ये मध्यवर्ती नगर परिषदेची निवडणूक झाली. स्त्री-पुरुष दोघांनाही मत देता आले आणि उभे राहता आले, अशी ती इथली पहिली निवडणूक. परिषदेचा पाया १९९८ च्या बाराव्या क्रमांकाच्या कायद्यात आहे. २९ मतदारसंघ, २९ सदस्य आणि चार वर्षांची मुदत. पहिल्या खेपेला एकही स्त्री निवडून आली नाही. २००३ मध्ये शेखा युसुफ अल जुफैरी निवडून आल्या आणि ती कोंडी फुटली. पुण्या-नाशिकचा नगरसेवक सभागृहात ज्यांवर बोलतो तेच विषय या परिषदेपुढे येतात : रस्ते, दिवे, कचरा, बागा, बांधकामाचे परवाने, बाजारातली स्वच्छता. मात्र परिषद शिफारस करते, हुकूम देत नाही. अंमल नगरपालिका मंत्रालयाचा आणि दोहा, अल रय्यान, अल वक्रा अशा आठ बलदियांचा, म्हणजे नगरपालिकांचा. आणि मत फक्त कतारी नागरिकाला. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या २८ लाखांच्या वर भरली. त्यात नागरिक साधारण आठांत एक. उरलेले सात जण याच रस्त्यांवरून चालतात, याच इमारतींत भाड्याने राहतात, बलदियाने परवाना दिलेल्या दुकानांतून खातात, तिनेच लावलेला दंड भरतात. माझ्यासमोर बसलेल्या श्रोत्यांपैकी बहुतेक त्या सातांतले आहेत.

लोकपाल, लोकायुक्त, ऑम्बुड्समन या पदाबद्दल आपल्याकडे एक समज पक्का आहे. आधी लोकशाही पुरती रुजावी, निवडणुका, पक्ष, सभागृहे यांची घडी बसावी, आणि मग वरचा साज म्हणून हे पद यावे. मला याच्या उलट म्हणायचे आहे. ज्याच्या हाती मत आहे तो पाच वर्षांनी का होईना, नगरसेवकाला घरी पाठवू शकतो. ज्याच्या हाती मत नाही त्याच्याकडे शहराच्या कारभाराला जाब विचारण्याचे एकच साधन उरते, ते म्हणजे तक्रार. तेव्हा तक्रारीची दखल कोण घेतो, ती कोणाच्या टेबलावर संपते आणि संपली असे कोण ठरवतो, हे प्रश्न मतदाराच्या दृष्टीने दुय्यम असतील, बिनमताच्या रहिवाशाच्या दृष्टीने तेच सर्व काही आहेत. म्हणून स्थानिक कारभारावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र लोकपालाची गरज सर्वांत जास्त दोह्यासारख्या शहराला आहे.

इथे तक्रारीला वाव नाही असे मी म्हणणार नाही, ते खरे नाही. १८४ वर फोन करता येतो, मंत्रालयाच्या ‘औन’ अॅपवर फोटो टाकता येतो. साचलेला कचरा, रस्त्यात सोडून दिलेली गाडी, उघड्यावर टाकलेला राडारोडा अशा कामांसाठी ही व्यवस्था उत्तम आहे आणि आपल्या कित्येक महापालिकांनी तिच्याकडून शिकावे. परंतु या सगळ्या तक्रारी शहरातल्या एखाद्या गोष्टीबद्दलच्या आहेत, बलदियाबद्दलच्या नाहीत. बलदियानेच परवाना कारण न देता अडवला, चुकीच्या माणसाला दंड लावला, शेजारच्या व्हिलात विनापरवाना भिंती घालून खोल्या पाडल्याचे दोनदा कळवूनही कोणी फिरकले नाही, किंवा फिरकले ते थेट भाडेकरूंना बाहेर काढायलाच, अशा वेळी काय? मग तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच खात्यात तिला क्रमांक मिळतो आणि तिथेच तिच्यावर ‘निकाली’ असा शेरा पडतो. निकाली म्हणजे खड्डा बुजला, की तक्रार दुसऱ्या खात्याची म्हणून वळवली, की नुसती मिटवली, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नाही. त्यातच शहराची कामे वाटलेली आहेत. पाणी आणि वीज कहरामाकडे, गटारे आणि मोठे रस्ते अशघालकडे, कचरा आणि बांधकाम परवाने बलदियाकडे. नोव्हेंबर २०१५ मध्ये वर्षभराचा पाऊस एका दिवसात पडावा तसा पडला, रस्ते आणि इमारती पाण्यात गेल्या, तेव्हा सरकारने चौकशीचा आदेश दिला. एरवी घराच्या दारात तुंबलेल्या पाण्यासाठी असा आदेश निघत नाही. त्या घरातला माणूस तीन दारांमध्ये हेलपाटे घालतो.

बाकीची दारेही मोजू. १९९९ पासून परिषदेचा सदस्य आहे. २००२ पासून राष्ट्रीय मानवाधिकार समिती आहे. २००७ च्या सातव्या क्रमांकाच्या कायद्याने प्रशासकीय वाद न्यायालयात नेता येतो. २०११ पासून प्रशासकीय नियंत्रण आणि पारदर्शकता प्राधिकरण आहे. यादी भरगच्च दिसते, पण प्रत्येक दार कोणत्या उंचीचे आहे ते पाहावे. मानवाधिकार समितीकडे छळ, अटक, निवास आणि मजुरीचे भारी विषय, तिथे अडलेला दुकान-परवाना शोभत नाही. पारदर्शकता प्राधिकरणाचा रोख लाचलुचपत आणि अधिकाराच्या गैरवापरावर. न्यायालयाला वकील लागतो, अरबी कागद लागतात, मुदत पाळावी लागते. पाचशे रियालच्या दंडासाठी कोणी ती पायरी चढत नाही. म्हणजे गुन्हा झाला तर दार आहे, भ्रष्टाचार झाला तर आहे, हक्कभंग झाला तर आहे. निष्काळजीपणा, दिरंगाई, उत्तर न देणे, फाईल हरवणे, एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, यांसाठी मात्र नाही. माणसाचे शहराशी होणारे बहुतेक भांडण याच गोष्टींवरून होते.

या फटीची किंमत केवळ मनस्तापात मोजायची नसते. २८ मे २०१२ रोजी इथल्या विलाजिओ मॉलमध्ये आग लागून १९ जण गेले, त्यांत १३ लहान मुले होती. चौकशी समितीने आराखडा, परवाने आणि सुरक्षेच्या अटी यांबाबतीत नियम पाळले गेले नसल्याचे नोंदवले. २२ मार्च २०२३ रोजी दोह्याच्या मन्सूरा भागात चार मजली निवासी इमारत कोसळली. मृतांत भारतीयही होते. त्यानंतर बांधकामाशी आणि दुरुस्तीशी संबंध असलेल्यांवर खटले चालले. दोन्ही वेळा राज्ययंत्रणा हलली, आणि गांभीर्याने हलली. पण फौजदारी न्यायालय दोषी माणूस शोधते, आणि तेही दुर्घटना घडून गेल्यावर. परवाना देताना कोणता कागद तपासायचा राहिला, तपासणीला कोण गेला होता, आधी कोणी काही कळवले होते का आणि कळवले असेल तर त्या कागदाचे पुढे काय झाले, हे प्रश्न खटल्यात आले तर ओघाने येतात. लोकपालाचे सगळे काम मात्र याच प्रश्नांपासून सुरू होते, आणि इमारत उभी असताना.

ते काम प्रत्यक्षात कसे चालते याचा सर्वांत चांगला नमुना इंग्लंडचा आहे. तिथे संसदीय आयुक्त या नावाचा लोकपाल १९६७ च्या कायद्याने आला, तो केंद्र सरकारपुरता. १९७४ च्या स्थानिक शासन कायद्याने नगर परिषदांसाठी वेगळे स्थानिक आयुक्त नेमले. नियम साधे आहेत. आधी परिषदेकडे तक्रार करा, तिला उत्तर देण्याची संधी द्या. उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही, तर लोकपालाकडे या. फी नाही, वकील नाही. तक्रारदार नागरिक आहे का, मतदार आहे का, असे विचारले जात नाही. लोकपाल परिषदेची फाईल मागवतो आणि ती द्यावीच लागते. मग तो दोन गोष्टी तपासतो. कारभारात चूक झाली का, आणि त्या चुकीमुळे या माणसाचे काही नुकसान झाले का. निर्णय शहाणपणाचा होता की नव्हता, यात तो शिरत नाही. बाग कुठे करायची हे परिषदेने ठरवावे. पण बागेशेजारच्या घराला नोटीस द्यायचा नियम असताना ती दिली नाही, तर ती चूक. चूक आणि नुकसान दोन्ही आढळले तर तो उपाय सुचवतो. माफीपत्र, भरपाई, निर्णयाचा फेरविचार किंवा पद्धतीतला बदल. अहवालात माणसांची नावे नसतात. प्रकरण गंभीर असेल तर अहवाल जाहीर होतो, परिषदेला वर्तमानपत्रात त्याची सूचना छापावी लागते आणि तीन महिन्यांत आपण काय करणार ते सांगावे लागते. तरीही परिषद ढिम्म राहिली, तर तिने कोणती शिफारस मानली नाही याचे निवेदन तिला स्वतःच्या खर्चाने स्थानिक पत्रात छापायला लावता येते. याहून कडक शस्त्र लोकपालाजवळ नाही, आणि तरी तिथे शिफारशी मान्य होण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक आहे.

या इतिहासातला एक तपशील दोह्याच्या दृष्टीने मोलाचा आहे. सुरुवातीला इंग्लंडमधल्या माणसाला स्थानिक लोकपालाकडे थेट जाता येत नसे, तक्रार नगरसेवकामार्फतच पाठवावी लागे. नगरसेवकाचा मान राहावा असा त्यामागचा विचार. १९८८ मध्ये ही अट काढली आणि तक्रारी झपाट्याने वाढल्या. याचा अर्थ इतकी वर्षे कितीतरी गाऱ्हाणी नगरसेवकाच्या दारातच थांबत होती. तिथला तक्रारदार तर नगरसेवकाचा मतदार होता. मतदाराची ही गत, मग ज्याच्या मताची सदस्याला कधीच गरज पडणार नाही त्याने सदस्यावर किती विसंबावे? कतारच्या परिषदेतले सदस्य परदेशी रहिवाशांचे ऐकत नाहीत असा आरोप मी करत नाही. ऐकतही असतील, आणि आपुलकीने ऐकत असतील. आपुलकीवर व्यवस्था उभी करता येत नाही, एवढेच माझे म्हणणे.

आपल्या घरचा अनुभव दोन्ही अंगांनी शिकवणारा आहे. मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये लोकपाल-लोकायुक्तांची शिफारस केली. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२ मध्ये लोकायुक्त प्रत्यक्ष नेमले. देशात पहिले. त्या कायद्याची मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे. आरोप आणि गाऱ्हाणे असे दोन वेगळे रकाने त्यात आहेत. आरोप भ्रष्ट हेतूचा. गाऱ्हाणे गैरकारभाराने झालेल्या अन्यायाचे, त्यासाठी कोणाची नियत सिद्ध करावी लागत नाही. चौकशी खासगीत होते आणि तक्रारदाराची ओळख उघड केली जात नाही. पुढे सार्वजनिक चर्चेत मात्र आरोपाचा रकाना फुगत गेला आणि गाऱ्हाण्याचा मागे पडला. नवे लोकायुक्त विधेयक डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने आणि डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेने मंजूर केले, तेव्हाही वाद मुख्यमंत्र्यांपर्यंत पोचणाऱ्या भ्रष्टाचाराच्या चौकशीभोवतीच फिरला. भ्रष्टाचाराची चौकशी हवीच. पण नळजोडणीच्या अर्जाला सहा महिने उत्तर न मिळालेला माणूस त्या भव्य मंडपात कुठे बसणार, हे कोणी विचारले नाही.

केरळने वेगळी वाट धरली. पंचायत राज कायद्यात १९९९ मध्ये दुरुस्ती करून फक्त स्थानिक संस्थांसाठी ऑम्बुड्समन निर्माण केला. आधी सात सदस्यांचे मंडळ, नंतर उच्च न्यायालयाच्या एका निवृत्त न्यायमूर्तीचे पद. त्याला भरपाई द्यायला लावण्याचे आणि झालेले नुकसान जबाबदार व्यक्तीकडून वसूल करण्याचे अधिकारही दिले. दोह्यात आपल्या मजल्यावर राहणारा मल्याळी शेजारी गावाकडच्या पंचायतीविरुद्ध ज्या दारी जाऊ शकतो, तसे दार त्याला इथे नाही. पुढे विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालच्या तेराव्या वित्त आयोगाने २०१०-१५ साठी पंचायती आणि नगरपालिकांच्या कामगिरी-अनुदानाला ज्या अटी घातल्या, त्यांत स्थानिक संस्थांसाठी स्वतंत्र ऑम्बुड्समन ही एक होती. लोकायुक्त आधीच असेल तर तीच व्यवस्था चालू ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. चौदाव्या आयोगाच्या अटींत ऑम्बुड्समन राहिला नाही. अनुदानासाठी निर्माण केलेली संस्था अनुदानाबरोबर ओसरते, हे त्यातून शिकायचे. ती टिकायची तर कुणाला तरी तिचा अहवाल दरवर्षी वाचावा लागला पाहिजे.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा : नुसती शिफारस करणारा लोकपाल काय कामाचा? त्यात कतारची परिषदही शिफारसच करते. एका शिफारशीवर दुसरी शिफारस रचून भिंत उभी राहील का? इथे दोन शिफारशींच्या जातीतला फरक ध्यानात घ्यावा. परिषद सांगते की अमुक भागात बाजार हवा. मंत्रालय म्हणू शकते की सध्या शक्य नाही, आणि विषय संपतो. लोकपाल सांगतो की या अर्जावर चौदा आठवडे कोणी सही केली नाही, त्याचा हा कागद, त्यामुळे या माणसाचे इतके भाडे फुकट गेले. याला ‘सध्या शक्य नाही’ असे उत्तर देता येत नाही. एक तर वस्तुस्थिती खोटी ठरवावी लागते किंवा उपाय करावा लागतो. लोकपालाची ताकद हुकमात नसून फाईल वाचण्याच्या अधिकारात आणि वाचलेले कारणांसह मांडण्यात आहे. हुकमाचा अधिकार दिला की वकील येतात, अपिले येतात, आणि बघता बघता लोकपालाचे न्यायालय होते. सौदी अरेबियातले दिवाण अल मजालिम हे गाऱ्हाणी ऐकणारे मंडळ याच वाटेने आज पूर्ण प्रशासकीय न्यायालय झाले आहे. त्या देशाला त्याचा उपयोग आहे, पण ती वेगळी संस्था आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांच्या तोंडून जास्त ऐकू येतो : आपण इथे पाहुणे, पाहुण्याने यजमानाच्या घरात खोट काढू नये. ही भावना मी हलक्याने घेत नाही, तिच्यात कृतज्ञता आहे. पण इथल्या २००४ च्या राज्यघटनेने सार्वजनिक अधिकाऱ्यांकडे दाद मागण्याचा हक्क व्यक्तीला दिला आहे आणि कायदेशीर रहिवाशाच्या जीविताला व मालमत्तेला संरक्षण दिले आहे. आणि परदेशी माणसाच्या तक्रारीसाठी वेगळी संस्था कतारने याआधी उभारूनही दाखवली आहे. २०१७ च्या तेराव्या क्रमांकाच्या कायद्याने कामगार-वाद निवारण समित्या आल्या, मार्च २०१८ पासून त्या काम करू लागल्या, तीन आठवड्यांत निकाल द्यायचे बंधन त्यांच्यावर घातले. निकाल लागूनही पैसे हाती पडत नाहीत अशी अडचण होती, म्हणून २०१८ मध्येच कामगार आधार आणि विमा निधीचा कायदा झाला. या समित्यांतही उणिवा राहिल्या आणि त्यांवर टीका झाली. तरी तत्त्व प्रस्थापित झाले : मत नसलेल्या माणसाचे गाऱ्हाणे ऐकणे हे राज्याचे काम आहे. पगाराबाबत जे मान्य झाले ते गटाराबाबत अमान्य करायला कारण उरत नाही.

त्या आक्षेपामागे भीतीही आहे, आणि ती बोलून दाखवलेली बरी. तक्रार केली तर मालकाच्या कानावर जाईल का, कतार आयडीच्या नूतनीकरणात अडचण येईल का. याला ‘घाबरू नका’ हे उत्तर पुरे नाही. उत्तर कायद्याच्या कलमातच हवे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातली खासगी चौकशी आणि ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद इथे जशीच्या तशी उपयोगी पडेल. शिवाय एकाच इमारतीतल्या रहिवाशांना एकत्र अर्ज करता यावा आणि कोणाचे नाव पुढे न येता लोकपालाला स्वतःहून चौकशी हाती घेता यावी.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. लोकपाल हा विधिमंडळाचा माणूस. स्वीडनने १८०९ मध्ये तो निर्माण केला तो संसदेसाठी. जिथे राज्य अमिराचे, आणि नोव्हेंबर २०२४ च्या सार्वमतानंतर शूरा परिषदेच्या, म्हणजे विधिमंडळाच्या, सदस्यांची निवडणूकही थांबली, तिथे लोकपाल कोणाला उत्तरदायी राहणार? या पदाचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. १८०९ च्या शतकभर आधी, १७१३ मध्ये, स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स पोल्ताव्हाच्या पराभवानंतर ऑटोमन मुलखात आश्रयाला असताना त्याने आपल्या अधिकाऱ्यांवर देखरेख ठेवणारा मुख्य ऑम्बुड्समन नेमला होता. तिथल्या गाऱ्हाणी ऐकण्याच्या परंपरेचा त्यावर किती प्रभाव होता यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण पदाचे मूळ राजाच्या इच्छेत होते हे निश्चित. आजच्या काळातला दाखला मोरोक्कोचा. तिथे राजाने २००१ मध्ये दिवाण अल मजालिम पुन्हा स्थापन केले आणि २०११ मध्ये त्याचे अल वसीत या अधिक स्वायत्त संस्थेत रूपांतर झाले. जॉर्डनचा दाखला सावध करणारा आहे. २००८ च्या कायद्याने तिथे मजालिमचे कार्यालय आले, २०१६ मध्ये ते सचोटी आणि भ्रष्टाचारविरोधी आयोगात विलीन झाले. महाराष्ट्रात चर्चेच्या पातळीवर जे घडले ते तिथे संस्थेच्या पातळीवर घडले, असे मला वाटते. तेव्हा राजसत्ता ही अडचण नाही. गाऱ्हाण्याला भ्रष्टाचाराच्या खात्यात ढकलणे ही अडचण आहे, आणि ती लोकशाहीतही तितकीच येते.

उत्तरदायित्वाचे स्थान कतारमध्ये तयारच आहे, ते म्हणजे मध्यवर्ती नगर परिषद. लोकपालाची नेमणूक अमिरी आदेशाने व्हावी, मुदत ठरलेली असावी आणि मुदतीआधी त्याला काढता येऊ नये. त्याच्या कक्षेत आठही बलदिया याव्यात आणि शहरी सेवांपुरते अशघाल आणि कहरामाही यावेत, म्हणजे तीन दारांचा हेलपाटा संपेल. तक्रार कोणाही रहिवाशाने थेट करावी, सदस्यामार्फत नव्हे. पण वार्षिक अहवाल परिषदेपुढे, मतदारसंघनिहाय ठेवला जावा आणि मंत्रालयाने प्रत्येक अमान्य शिफारशीचे कारण तिथे लेखी द्यावे. नजमा आणि इंडस्ट्रियल एरिया असे परदेशी रहिवाशांच्या वस्तीचे भाग ज्या सदस्यांच्या मतदारसंघात आहेत, त्यांच्यापुढे त्यामुळे पहिल्यांदाच मत न देणाऱ्या रहिवाशांच्या तक्रारी आकड्यांनिशी येतील, आणि त्यांवर सभागृहात बोलणे हा त्यांच्या कामाचा भाग होईल. अहवाल अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदी, मल्याळम, उर्दू, बांगला, नेपाळी आणि तागालोगमध्येही निघावा. यातले एक पाऊल कायद्याची वाट न पाहता आजही उचलता येईल. १८४ वर आलेली तक्रार बंद करताना ती काम झाल्याने बंद झाली, दुसरीकडे वळवली, की फेटाळली, हे तक्रारदाराला त्याच्या भाषेत लेखी कळवावे, आणि फेटाळली असेल तर कोणत्या नियमाने, तेही.